अर्धी आई, अर्धे गुरुजी

माझी आई तरुण मुलांचं मन ओळखते. हे मी म्हणत नाही, तिच्या प्रत्येक पुस्तकाच्या मागे छापलेलं असतं. 'तरुण मनाचा ठाव घेणारी लेखिका', आणि शेजारी फोटो: हनुवटीखाली मूठ, नजर लांब कुठेतरी क्षितिजावर. ते क्षितिज म्हणजे आमचा गॅस. फोटो मी काढला होता आणि गॅसवर दूध ठेवलेलं होतं. ते उतू गेलं, आणि ठाव घेणाऱ्या लेखिकेनं त्यावरून मला संध्याकाळपर्यंत ऐकवलं.

साथ आली, शहर बंद झालं, आणि ठाव घेणारी बाई आणि जिचा ठाव घ्यायचा ती मुलगी, अशा आम्ही दोघी सातव्या मजल्यावरच्या घरात कोंडल्या गेलो. बाबा नोकरीच्या गावी होते, ते तिकडेच अडकले. त्यांना फोनवर काहीही विचारलं तरी ते "आईला विचार" म्हणायचे. आईशी कसं बोलू, असं विचारलं तरीसुद्धा.

बोलायचं होतं ते एकाच गोष्टीबद्दल. मला लिफ्ट दुरुस्ती शिकायची होती.

आमच्या इमारतीची लिफ्ट चालू असते त्यापेक्षा बंद जास्त असते. एकदा दुरुस्तीला आलेल्या मिस्त्रींच्या मागे लागून मी गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेले होते. मोठं चाक, त्यावरून जाणारे पोलादी दोर, दोरांच्या एका टोकाला माणसांचा डबा आणि दुसऱ्या टोकाला लोखंडी वजन. वजन खाली आलं की डबा वर जातो. आणि डबा प्रमाणाबाहेर वेगानं सुटला तर एक कळ दोन्ही बाजूंच्या रुळांना आवळून धरते. "म्हणजे दोर तुटला तरी माणूस पडत नाही?" मी विचारलं. "तुटला तरी नाही," मिस्त्री म्हणाले आणि कळीला तेल घालू लागले. इतकी विश्वासाची गोष्ट मला तोपर्यंत कोणी सांगितली नव्हती. घरी येऊन मी आईला हे सगळं हातवारे करून सांगितलं, तर ती म्हणाली, हात धू आधी.

दुसऱ्या एका शहरात याचं दोन वर्षांचं शिक्षण मिळतं, राहण्याची सोय असते. मी परीक्षा दिली आणि निवड झाली. पण मला अठरा पूर्ण नव्हती, त्यामुळे प्रवेशाच्या कागदावर पालकांची सही लागत होती. शहर उघडलं की लगेच कागद द्यायचा होता, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार. आणि आई सही करत नव्हती.

आई जुनाट नाही. जुनाट आई परवडते, निदान सरळ नाही म्हणते. माझी आई म्हणाली, "तुझ्या निर्णयाचा मला पूर्ण आदर आहे. फक्त तो निर्णय तू घेऊ नकोस." मग पदवी, मग पुढचं बघू, मग हाताला काळं लागणारं काम आणि मुलगी, मग इतक्या लांब एकटी. मी म्हटलं, तुझ्या कादंबऱ्यांतल्या मुली ऊठसूट घर सोडून जातात असं लोक सांगतात. ती म्हणाली, "त्या वेगळ्या."

लोक सांगतात असं म्हणावं लागलं, कारण मी स्वतः तिचं काही वाचत नव्हते. लहानपणी ती वाचून दाखवायची आणि पान उलटायच्या आत "आवडलं?" म्हणून विचारायची. आवडलं म्हटलं की "काय आवडलं?" परीक्षेलासुद्धा एवढे उपप्रश्न नसतात. शेवटी मी वाचणंच सोडलं, आणि हे तिला लागलेलं होतं. ती बोलायची नाही, पण नवं पुस्तक आलं की माझ्या टेबलावर ठेवून जायची आणि आठवड्यानं धूळ पुसायच्या निमित्तानं बघून जायची.

शहर बंद झाल्यावर रविवारच्या पुरवणीत एक यादी आली: 'घरात अडकलेल्या तरुणाईने वाचाव्यात अशा कादंबऱ्या'. यादी करणारे समीक्षक सत्तरीचे, आणि त्यांच्या घरात तरुण असं एक मांजर होतं. प्रत्येक पुस्तकापुढे त्यांनी दोन ओळी लिहिल्या होत्या. 'आजच्या पिढीशी थेट संवाद', 'उमलत्या वयाची स्पंदनं', 'अंतर्मुख करणारा शेवट'. या ओळी त्यांनी पिशवीत घालून हलवल्या असत्या आणि डोळे मिटून काढल्या असत्या तरी चाललं असतं. मुखपृष्ठंही तशीच. कुठे एक मुलगी पाठमोरी, वाऱ्यावर केस, समोर डोंगर, तर कुठे एक मुलगा पाठमोरा, समोर समुद्र. तरुणाईला तोंड असतं हे या लोकांच्या कानावरच आलेलं नसावं.

आईची 'निघाले मी दूर' यादीच्या तळाशी होती. मी शाळेत खालच्या वर्गात असताना ती आली आणि कोणाच्या लक्षात न येता गेली. पण यादीत नाव आलं म्हटल्यावर आईचे प्रकाशक जागे झाले. त्यांच्या गोदामात न विकलेल्या कुमार कादंबऱ्यांचे छापील फर्मे पडून होते. फर्मा म्हणजे सोळा पानांची घडी. असे फर्मे ओळीनं लावायचे, शिवायचे, वर पुठ्ठा चढवायचा, की पुस्तक झालं. वाण्याकडून सामान घरपोच जात होतं, त्याच टेम्पोत पुस्तकं पाठवायची, असा बेत त्यांनी आखला. बाइंडरचं दुकान बंद होतं, म्हणून फर्मे त्याच्या घरी टाकले. आईच्या कादंबरीचे, आणि सोबत गुरुजींच्या 'शिस्तीचा शिलेदार'चेही, कारण एक यादीत आलं तर दुसरंही हातासरशी खपेल, असा हिशोब.

गुरुजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. याच प्रकाशकांच्या कुमार मालेत आईइतकीच वर्षं लिहितात. त्यांच्या प्रत्येक कादंबरीत एक वाह्यात मुलगा असतो आणि शेवटाला तो वाह्यात राहत नाही. आई त्यांना 'शिट्टीवाले' म्हणते.

तर पुस्तकं टेम्पोतून गेली, आणि काय झालं कोण जाणे, 'निघाले मी दूर' धो धो खपायला लागली. मुलं एकमेकांना पाठवू लागली. आणि नवल म्हणजे आईबापही खूश होते. कोणीतरी आईला फोन करून सांगितलं, "तुमचा शेवट वाचला आणि मुलीला म्हटलं, बघ, याला म्हणतात साहित्य." पुरवणीतल्या समीक्षकांनी वेगळा लेख लिहिला. 'नायिकेचं मध्यावर नायकात होणारं रूपांतर हा आपल्या कुमार साहित्यातला सर्वांत धाडसी प्रयोग आहे,' असं त्यात होतं. आईनं तो लेख दोनदा वाचला, थोडी गोंधळली आणि कापून ठेवला. लेखात स्तुती असली की ती कशाची आहे याच्या खोलात लेखक शिरत नाहीत, एवढं मला घरच्या अनुभवानं माहीत आहे.

गुरुजींचाही फोन आला. आईनं तो मला ऐकू यावा म्हणून मुद्दाम मोठ्या आवाजात लावला.

"पूर्वार्ध काही मला पटला नाही," गुरुजी म्हणाले. "पण उत्तरार्ध फार छान उतरलाय. अगदी माझ्या मनातलं लिहिलंत. इतके दिवस मी तुम्हाला ओळखलं नाही."

"मोठेपणा तुमचा," आई म्हणाली. फोन ठेवल्यावर मात्र तिनं मला विचारलं, "शिट्टीवाल्यांना माझं आवडलं म्हणजे माझं काही चुकलं का गं?"

मग रेडिओ आला. 'घरबसल्या' नावाचा दुपारचा कार्यक्रम, थेट प्रसारण, बोलायचं घरूनच फोनवर. निवेदिकेला नुसती लेखिका नको होती. लेखिका आणि तिची तरुण मुलगी, एकाच छताखाली, एकच पुस्तक वाचताहेत, असं काहीतरी गोड हवं होतं. प्रकाशकांनी आईला विचारलं आणि आईनं मला न विचारता हो म्हटलं.

"तू फक्त म्हणायचं, वाचलं आणि आवडलं," आई म्हणाली.

"मी वाचलेलं नाही."

"मग वाच. घरातच बसलीयेस की."

"मग सही?"

"मग बघू सहीचं."

"बघू नाही. करायची."

"बरं बाई, केली समज."

हा सौदा मला पटला. मी पुस्तक घेऊन गॅलरीत बसले, पेन्सिल कानावर ठेवली. विचार असा की मासले शोधून ठेवायचे, पुढे भांडताना उपयोगी पडतील.

पेन्सिल तशीच राहिली. मला सांगायला लाज वाटते, पण पुस्तक चांगलं होतं. एका मुलीला नाटकाचे पडदे रंगवायचे असतात. जंगल, राजवाडा, चांदणं, मोठ्या ब्रशनं, शिडीवर चढून. रंग कसे कालवतात, सरस कसा उकळतात, त्याचा वास केसांतून जात नाही, हे आईनं असं लिहिलं होतं की मला माझी मशीनची खोली आठवली. आईला हे कळतं? मग मी हातवारे करून सांगत होते तेव्हा हिचं लक्ष कुठे होतं? आणि त्या मुलीची आई. ती सुरुवातीला आडवी येते, रडते, दोन दिवस बोलत नाही. आणि मग निघायच्या सकाळी बॅग स्वतः दारात आणून ठेवते आणि म्हणते, "घर काही पळून जात नाही. तू पळ."

ते पान मी परत वाचलं. मग उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. आत त्या पानाची लेखिका कुकरच्या झाकणाशी झटापट करत होती.

"काय बघतेस?" ती म्हणाली. "हात रिकामे असतील तर पाणी भर."

मी पाणी भरलं आणि परत गॅलरीत आले. मुलगी गाडीत चढते, पिशवी मांडीवर घेते, 'खिडकीबाहेर पाहते तर फलाटावर' इथे पान संपतं. मी पान उलटलं. 'पाठ ताठ ठेवून तो उभा होता. शिबिरप्रमुखांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बाळा, ते म्हणाले, मनाचे घोडे मोकाट सोडू नयेत.'

मला वाटलं हा मुलगा फलाटावर उभा असेल. तो फलाटावर नव्हता. तो डोंगरातल्या शिबिरात होता, पहाटे उठत होता, थंड पाण्यानं अंघोळ करत होता आणि स्वावलंबनाचं महत्त्व ओळखत होता. मुलगी गाडीत बसली ती बसलीच. पुढे तिचा पत्ता नाही, पडदे नाहीत, सरस नाही. दर पानाला कोणीतरी कोणाच्या तरी खांद्यावर हात ठेवत होतं. शेवटच्या पानावर मुलगा गिर्यारोहणाचं वेड सोडून अभ्यासाला घरी येतो आणि वडिलांच्या पायाशी बसून म्हणतो, "माझं चुकलं, बाबा."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला: ही मागची पानं शिट्टीवाल्यांची होती. मुलांनी गाडीत बसेपर्यंत वाचलं होतं, पुढे कंटाळून सोडलं होतं आणि भारी आहे म्हणून मैत्रिणींना पाठवलं होतं. आईबापांनी फक्त शेवट तपासला होता, मुलांच्या हातात पुस्तक दिसलं की तपासतात तसा. समीक्षकांनी मधलीच चार पानं चाळली होती. आणि गुरुजींनी पूर्वार्ध चाळून सोडून दिला होता आणि पुढे स्वतःचं लिखाण स्वतः वाचून दुसऱ्याला शाबासकी दिली होती. एवढं गाजलेलं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारी मी एकटी, आणि मीसुद्धा सहीसाठी वाचत होते.

मी आईसमोर पुस्तक मध्यावर उघडून ठेवलं. तिनं वाचलं. चेहरा पांढरा झाला, मग लाल झाला, मग तिनं प्रकाशकांना फोन लावला. प्रकाशकांनी बाइंडरला विचारलं आणि परत फोन केला. झालं होतं असं, की बाइंडरच्या घरात पूर्वार्धाचे गठ्ठे बाहेरच्या खोलीत होते आणि दोन्ही पुस्तकांच्या उत्तरार्धाचे गठ्ठे आतल्या पलंगावर, डावीकडे आईचे, उजवीकडे गुरुजींचे. दुपारी त्याच्या सासूबाईंना आडवं व्हायचं होतं. पलंग रिकामा केला, त्या उठल्यावर गठ्ठे परत ठेवले. डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे.

"म्हणजे माझी कादंबरी एका बाईच्या झोपेत गेली," आई म्हणाली.

"ताई, तसं नका बघू," प्रकाशक म्हणाले. "सगळे खूश आहेत. मुलं खूश, पालक खूश, समीक्षक तर फार खूश आहेत. आता दुरुस्त करून छापलं आणि नाही चाललं तर?"

आई तासभर धुमसली. मग आरशासमोर तिचा आवाज ऐकू आला. "रूपांतर," ती म्हणत होती. "एका अर्थानं आपण सगळेच रूपांतराच्या..." मग थांबून, पुन्हा पहिल्यापासून.

मला मात्र एकच गोष्ट हवी होती. त्या मुलीचं पुढे काय झालं?

"तुझा खरा उत्तरार्ध गुरुजींच्या पुस्तकात असणार," मी म्हटलं. "त्यात ती परत येते?"

"छे," आई म्हणाली. "माझी नायिका शेपूट घालून परत येणाऱ्यांतली नाही."

प्रकाशकांनी प्रतींच्या खोक्यात सगळी मालाच पाठवली होती. त्यात तळाला 'शिस्तीचा शिलेदार' होता. गुरुजी यादीत नव्हते, त्यामुळे त्यांच्या पुस्तकात काय शिवलं गेलंय हे बघायची तसदी कोणी घेतली नव्हती. मी त्यांचा पूर्वार्ध ओलांडला आणि मुलगी मला सापडली. ती नाटक कंपनीत पोचते, पहिला पडदा रंगवते, मी खुर्चीत ताठ बसले. मग तिला ताप येतो. मग तिची जिवलग मैत्रीण, जिला पहिल्यापासून खोकला असतो, ती मरते, कारण या मालेत शेवटून दुसऱ्या प्रकरणात कोणीतरी मरावंच लागतं. मग पाऊस. मग घराचं दार, दारात आई, आईच्या हातात गरम दुधाचा पेला. आणि मुलगी पेला हातात घेऊन म्हणते, "माझं चुकलं, आई."

उत्तरार्धांची अदलाबदल होऊनही ती कोणाच्या लक्षात का आली नाही, याचं खरं कारण हे होतं. शिट्टीवाले आणि ठाव घेणारी, दोघांनी वेगवेगळ्या रस्त्यानं जाऊन मुलाला एकाच पायपुसण्यावर आणून उभं केलं होतं. फरक एवढाच, की आईनं वर दूध दिलं होतं.

मला राग आला. खरं सांगायचं तर रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. ती बॅग दारात आणून ठेवणारी आई मला आवडली होती. आणि ती आई शेवटपर्यंत दारातच उभी होती, मुलगी कधी परत येते याची वाट बघत, दूध गरम करून.

कार्यक्रमाच्या दिवशी जेवणं झाल्यावर मी प्रवेशाचा कागद आणि पेन आईसमोर ठेवलं.

"आधी कार्यक्रम तर होऊ दे," ती म्हणाली.

"केली समज म्हणाली होतीस."

"म्हणाले होते ना? मग घाई कसली. मी विचार करतेय. तो ओला हात लावू नकोस फोनला."

आता मी तिचा शेवट वाचलेला होता. 'विचार करतेय' म्हणजे कुठे जातं, ते मला ठाऊक होतं.

दोन फोन, दोन खुर्च्या, खिडकी बंद. निवेदिकेचा आवाज पाकात बुडवून काढलेला होता. तिनं आईला विचारलं, मुलगी घर सोडून जाते आणि पुढे वेगळ्याच रूपात आज्ञाधारक होऊन परततं ते मूल, यातून तुम्हाला काय सांगायचं होतं?

आईनं श्वास घेतला आणि आरशासमोरचं सगळं सांगितलं. रूपांतर झालं, मुलगा-मुलगी या भेदापलीकडे जाऊन झालं, मुलांना पंख द्यावेत पण घरट्याचा पत्ताही द्यावा हेही झालं. एका बाईच्या दुपारच्या झोपेवर इतकं सुंदर भाष्य मी ऐकलं नव्हतं.

"वा," निवेदिका म्हणाली. "आणि आता लेखिकेची लेक. तुला काय आवडलं?"

उपप्रश्न आलाच. पण या वेळी माझ्याकडे उत्तर होतं.

"मला ते बॅगेचं पान आवडलं," मी म्हटलं. "आई बॅग दारात आणून ठेवते आणि म्हणते, घर काही पळून जात नाही, तू पळ. ते आमच्याच घरातलं आहे."

आईनं माझ्याकडे वळून बघितलं.

"म्हणजे प्रत्यक्ष घडलेलं?" निवेदिका म्हणाली.

"घडतंय. मला लिफ्ट दुरुस्तीच्या शिक्षणाला दुसऱ्या शहरात प्रवेश मिळालाय. बाकी घरांत नको म्हणाले असते. पण आई म्हणाली, मी जे लिहिते तेच करणार. आज कार्यक्रम झाला की ती कागदावर सही करतेय. पेन इथेच आहे."

फोनमध्ये शांतता पसरली. रेडिओवर शांतता म्हणजे काय, हे निवेदिकेला माहीत होतं, म्हणून तिनं ती लगेच भरून काढली. "किती मोठं मन. ताई, ऐकणाऱ्या सगळ्या आयांच्या वतीनं विचारते, सोपं गेलं का हे?"

आईनं कागदाकडे बघितलं, पेनाकडे बघितलं. मग जो आवाज आला तो आरशासमोरचा नव्हता.

"नाही," आई म्हणाली. "सोपं नाही गेलं."

"पण करताय."

"हो," आई म्हणाली. "करतेय."

निवेदिकेनं आभार मानले, पुस्तकाचं नाव पुन्हा एकदा सांगितलं आणि गाणं लावलं. आईनं फोन उपडा ठेवला.

"तू खोटं बोललीस. सगळ्या गावासमोर."

"तूही."

"माझं वेगळं होतं."

"हो. तुझं जास्त वेळ चाललं."

ती हसेल असं मला क्षणभर वाटलं, पण ती हसली नाही. पुस्तकाच्या कडेवरून अंगठा फिरवत बसली. मग तिनं ते विचारलं जे माझ्या लहानपणापासून विचारत आली होती, फक्त या वेळी माझ्याकडे न बघता.

"ते पान खरंच आवडलं?"

सौदा संपला होता, आता खोटं बोलायचं कारण उरलं नव्हतं. "दोनदा वाचलं," मी म्हटलं. "मला वाटलं, ही आई कुठे भेटेल. म्हणून उठून स्वयंपाकघरात बघायला आले होते."

"आणि?"

"तू पाणी भरायला लावलंस."

आईनं पुस्तक बाजूला सारलं. "गुरुजींच्या पुस्तकातलं पण वाचलंस," ती म्हणाली.

"वाचलं. शेपूट घालून परत येत नाही म्हणाली होतीस."

"मला तसंच आठवत होतं. खरंच. मी तसंच लिहायला बसले होते," ती म्हणाली. "तेव्हा तू एवढीशी होतीस. खाली झोपलेली असायचीस, मी लिहायचे. ती मुलगी तिकडे राहिली, पुढचं पानच सुचेना. दारातली बाई दिसायची आणि हात चालायचा नाही. शेवटी तिला ताप आणला आणि घरी आणलं, तेव्हा कुठे मला झोप लागली."

मला तिचा राग येत होता आणि तिच्या कुशीत शिरावंसंही वाटत होतं. हे दोन्ही एकदम होऊ शकतं असं कुठल्याच कुमार कादंबरीत लिहिलेलं नसतं.

आई ताठ बसली. डोळे पुसले आणि तिच्या चेहऱ्यावर एकदम ते फोटोतलं क्षितिज आलं. मी ओळखलं, आता काहीतरी सुचलंय.

"पुढची आवृत्ती निघेल ना," ती म्हणाली, "तेव्हा मी शेवट बदलते. गुरुजींचा काढायचा, आणि माझा जुनाही नको. ती परत येतच नाही. तिकडेच राहते, मोठी होते. आई फक्त पत्र पाठवते. तुझ्यासाठी लिहिते मी तो शेवट. अगदी आजपासून..." बोलता बोलता तिनं पेन उचललं आणि कोरा कागद शोधू लागली.

मी प्रवेशाचा कागद तिच्या हाताखाली सरकवला.

"लिहू नकोस," मी म्हटलं. "सही कर."

तिनं कागदाकडे बघितलं. पेन हातात होतंच. सही करायला तिला इतका वेळ लागला की मला तिचं नाव नव्यानं कळत असल्यासारखं झालं. शेवटचं अक्षर कागदावर चढलं तेव्हा स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. दुपारचं दूध गॅसवर राहिलं होतं.

"जा, बंद कर," आई म्हणाली. ती कागद दोन्ही हातांत धरून तशीच बसली होती. मी जाऊन गॅस बंद केला आणि ओटा पुसायला घेतला. या वेळी ती काहीच बोलली नाही.